बाई, दगडाचं वय कुणी मोजलं?

मुलांनो, जानेवारीत आमच्या शाळेची सहल विजापूर, बदामी आणि हंपीला गेली होती. एक एस.टी., बावन्न मुलं, चार शिक्षक आणि चिवड्याचे दोन मोठे डबे. (डबे विजापूर यायच्या आतच रिकामे झाले, ते सोडा.) आज सांगणार आहे ती गोष्ट तिसऱ्या दिवशी हंपीला घडली. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

हंपीला तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर तिथले धोंडे आठवतील. देवळं आहेत, दगडी रथ आहे, पण त्याआधी डोळ्यांत भरतात ते धोंडे. घराएवढाले, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आता पडतील मग पडतील असे. आमच्या वाटाड्याने सांगितलं, ही किष्किंधा. वाली-सुग्रीवाच्या लढाईत वानरांनी हे धोंडे एकमेकांवर फेकले, ते इथेच राहिले. मुलं खूश! पण मी पडले शिक्षिका, मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "गोष्ट छान आहे हं. पण हा ग्रॅनाइट आहे आणि तो अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे."

सातवीतली एक मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, कुणी मोजलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"पण कसं? तेव्हा तर कुणीच नव्हतं ना?"

मग मी काय म्हणाले असेन? "चला चला, गाडीत बसा, उशीर होतोय!"

उशीर बिशीर काही झाला नव्हता. ड्रायव्हरकाका चहा पीत होते. मला उत्तर येत नव्हतं, एवढंच. आकडा पाठ होता, तो आला कुठून ते ठाऊक नव्हतं. वाटाड्याने ऐकलेली गोष्ट सांगितली आणि मीही ऐकलेलीच सांगितली. मग त्या पोरीने माझ्याच गोष्टीवर का विश्वास ठेवायचा? परतीच्या वाटेवर ती खिडकीपाशी बसून हातातले तीन खडे उलटेपालटे करत होती. एक विजापूरचा, एक बदामीचा, एक हंपीचा. (तिन्ही रस्त्याच्या कडेचे. देवळातला एकही नाही, हे मी विचारून घेतलं.)

घरी आल्यावर महिनाभर वाचत बसले. मग एका शनिवारी वर्गात सगळं सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी ते खडे पाहू. विजापूरचा खडा काळा, बारीक कणांचा. आपल्या सह्याद्रीचा असतो तसाच, बसाल्ट. तो लाव्हा होऊन जमिनीवर आला आणि भराभर थंड झाला. हंपीचा खडा मात्र भिंगाखाली धरा. काचेसारखे कण, गुलाबी-पांढरे कण, मधेमधे काळे ठिपके, सगळे नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात. याचं कारण खडीसाखरेला विचारा. साखरेचा पाक हळूहळू निवू दिला तर मोठाले खडे धरतात, घाईने ढवळून थंड केला तर भुगा होतो. ग्रॅनाइटचा तापलेला रस वर आलाच नाही. जमिनीखाली काही किलोमीटर खोल, जुन्या खडकांत घुसून, तो तिथेच हळूहळू थंड झाला. अशा खडकांना अंतर्भेदी अग्निजन्य खडक म्हणतात. नाव मोठं आहे, पण अर्थ सोपा. आत घुसलेला, आगीतून जन्मलेला. त्याच्यावरची जमीन पुढे कोट्यवधी वर्षांत झिजून गेली, तेव्हा कुठे तो उघडा पडला.

घुसणारा धाकटा आणि ज्याच्यात घुसला तो थोरला, एवढं कुणीही सांगेल. भिंतीत खिळा दिसला तर भिंत आधीची, हो ना? पण यातून फक्त क्रम कळतो. वय कळत नाही.

वयासाठी एक खेळ खेळू. आजीकडून चिंचोके मागून घ्या. फोडून दोन दोन डाळी करा, म्हणजे एक बाजू तपकिरी, एक पांढरी. अशा १०० डाळी एका डब्यात घालून खुळखुळवा आणि जमिनीवर ओता. ज्या पांढऱ्या पडल्या त्या बाजूला काढून पांढऱ्याच ठेवा. साधारण ५० निघतील. उरलेल्या पुन्हा ओता, पुन्हा निम्म्या पांढऱ्या. आता २५ च्या आसपास तपकिरी आणि ७५ पांढऱ्या राहिल्या. एवढ्यात तुमचा भाऊ बाहेरून आला. त्याने तुमचा खेळ पाहिलेला नाही. तरी ढीग बघून तो सांगू शकेल की दोनदा ओतलं. कोणती डाळ कधी पालटेल ते कुणालाच सांगता येत नाही, पण शंभरातल्या किती पालटतील ते सांगता येतं.

युरेनियम नावाच्या धातूचे अणू असेच आपोआप पालटतात. मधल्या बऱ्याच पायऱ्या उतरत शेवटी त्यांचं शिसं होतं. युरेनियम २३८ या प्रकाराचे निम्मे अणू पालटायला ४४७ कोटी वर्षं लागतात. युरेनियम २३५ हा त्याचा भाऊ जरा घाईचा, त्याला ७० कोटी वर्षं पुरतात. थंडी, ऊन, पाऊस, काही असो, हा वेग बदलत नाही. म्हणजे खडकात युरेनियम किती उरलं आणि त्याचं शिसं किती झालं ते मोजलं की वय हाती आलं. इंग्लंडच्या आर्थर होम्सने १९११ मध्ये नॉर्वेतल्या अशाच एका जमिनीखाली थिजलेल्या खडकातली खनिजं घेऊन हे करून पाहिलं. उत्तर आलं ३७ कोटी वर्षं. होम्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या दादा-ताईएवढा.

पण थांबा. चिंचोक्यांच्या खेळात भावाचं उत्तर बरोबर यायला दोन अटी आहेत. पहिली, सुरुवातीला ढिगात एकही पांढरी डाळ नको. दुसरी, मधे कुणी गुपचूप डाळी घालायच्या नाहीत की उचलायच्या नाहीत. दगडात या अटी कशा पाळणार? सुरुवातीपासूनच त्यात थोडं शिसं असलं तर? पाण्याबरोबर थोडं निघून गेलं तर?

इथे आपल्या कामी येतो झिरकॉन.

झिरकॉन हे ग्रॅनाइटमध्ये सापडणारं एक खनिज. एकेक कण केवढा, तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर दोन-तीन दशांश. बारीक रव्याचा कण त्याच्यापुढे लठ्ठ. रस थंड होताना झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू ओळीने जागा धरतात आणि हा स्फटिक बनतो. झिर्कोनियमच्या काही जागांवर युरेनियमचा अणू सरकून सरकून बसतो, कारण दोघांचा विद्युतभार सारखा आणि आकारही जवळपास. शिसं मात्र बसत नाही. आकार मोठा, भार वेगळा. त्यामुळे झिरकॉन जन्मतो तेव्हा त्यात युरेनियम थोडं असतं आणि शिसं जवळजवळ नसतंच. पहिली अट पाळली! पुढे त्यात जे शिसं दिसेल ते आतल्या युरेनियमचंच झालेलं. शिवाय हा स्फटिक भलताच चिवट आहे. झिजत नाही, पाण्यात विरत नाही, ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला तरी आतलं शिसं सहसा सोडत नाही. दुसरी अटही बहुतेक वेळा पाळली जाते. 'बहुतेक' का म्हटलं ते पुढे सांगते.

(पालकांसाठी थोडं विषयांतर. सोनाराकडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा मिळतो, तो हा झिरकॉन नव्हे. तो कारखान्यात झिर्कोनियम आणि ऑक्सिजनपासून बनवतात. नाव सारखं म्हणून घोटाळा होतो.)

आता एवढासा कण दगडातून काढायचा कसा? आई तांदूळ रोळून घेते तसाच. काही किलो ग्रॅनाइट आणून त्याची वाळू करतात. पाण्यात हलवतात, हलके कण वाहून जातात, जड मागे राहतात. झिरकॉन गारेच्या कणापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड असतो, म्हणून तो मागे राहणाऱ्यांत. मग जड द्रवात बुडवतात, लोहचुंबक फिरवतात, आणि शेवटी एक माणूस सूक्ष्मदर्शकासमोर बसून एकेक कण निवडतो. यंत्रं कितीही आली, तरी हे निवडण्याचं काम अजून बऱ्याच ठिकाणी हातानेच चालतं.

मोजायला बसल्यावर काय होतं, त्याची एक खरी गोष्ट ऐका. १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत शिकागो विद्यापीठात क्लेअर पॅटरसन आणि जॉर्ज टिल्टन हे दोन तरुण ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनवर काम करत होते. टिल्टनने युरेनियम मोजायचं आणि पॅटरसनने शिसं. टिल्टनचे आकडे ठीक येत. पॅटरसनचं शिसं मात्र भलतंच जास्त, आणि दर वेळी वेगळं! त्याने यंत्र तपासलं, गणित तपासलं. सगळं बरोबर. मग त्याच्या लक्षात आलं की शिसं कणातलं नाहीच, ते खोलीतलं आहे. हवेत, टेबलावर, काचेच्या भांड्यात, त्याच्या कपड्यांवर आणि केसांतसुद्धा! झिरकॉनमधलं शिसं इतकं कमी, की धुळीचा एक कण सगळं बिघडवत होता. मग पॅटरसनने काय केलं? तो पुसत बसला. फरशी पुसली, टेबलं पुसली, भांडी आम्लात उकळली, बाहेरची हवा आत येऊ नये अशी व्यवस्था केली. एकदोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. १९५५ मध्ये दोघांनी सहकाऱ्यांबरोबर कॅनडातल्या एका ग्रॅनाइटच्या युरेनियमचा नि शिशाचा हिशोब प्रसिद्ध केला. आणि १९५६ मध्ये पॅटरसनने उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय सांगितलं, ४५५ कोटी वर्षं.

एवढं शिसं हवेत आलं कुठून, हा प्रश्न त्याने सोडला नाही. बराचसा दोष मोटारींच्या पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्या शिशाचा निघाला. शिसं हे विष आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. पेट्रोलमधलं शिसं बंद करा म्हणून तो पुढे कितीतरी वर्षं भांडला. मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं अमेरिकेत १९९६ मध्ये आणि भारतात २००० मध्ये बंद झालं. म्हणजे तुम्ही श्वासाबरोबर घेता त्या हवेशीही या बारक्या कणाचा संबंध आहे.

आता त्या 'बहुतेक'कडे येऊ. झिरकॉनसुद्धा कधीकधी फसवतो. युरेनियम पालटताना स्फटिकाला आतून धक्के बसतात. फार युरेनियम असेल तर तो खिळखिळा होतो आणि शिसं गळतं. मग वय कमी दिसतं. हे ओळखायचं कसं? आठवा, युरेनियमचे दोन भाऊ आहेत. एकाच कणात दोन घड्याळं, एक सावकाश, एक घाईचं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर कण खरं बोलतोय. वेगवेगळी दाखवत असतील तर काहीतरी गळलंय. दोन मुलांना वेगवेगळ्या खोलीत नेऊन काच कुणी फोडली विचारतात ना, तसंच!

दुसरी फसवणूक मला फार आवडली, कारण ती समजली संक्रांतीच्या हलव्यामुळे. काटेरी हलवा घरी होताना पाहिलाय? तीळ किंवा खसखस कढईत घेऊन त्यावर थेंब थेंब पाक घालत हलवत राहतात. थरावर थर चढतो. आत जुना तीळ, वर नवा पाक. ग्रॅनाइटचा रस पुष्कळदा जुना खडक वितळून झालेला असतो. त्या जुन्या खडकातला एखादा झिरकॉन न वितळताच तरंगत राहतो, आणि नव्या रसात त्याच्यावर नवा थर चढतो. असा कण अख्खा विरघळवून मोजला तर तीळ आणि पाक यांचं मिसळलेलं वय येतं, ते कुणाचंच नसतं! ग्रॅनाइटचं वय हवं तर पाकाचं वय घ्यायला हवं, तिळाचं नको.

पण एवढ्याशा कणाचा फक्त वरचा थर कसा मोजणार? त्यासाठी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात विल्यम कॉम्पस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र बांधलं, ते १९८० च्या सुमाराला चालू झालं. नाव 'श्रिम्प', म्हणजे इंग्रजीत कोळंबी. आकार मात्र खोली भरेल एवढा! त्यातून विद्युतभारित कणांचा बारीक झोत सोडतात. केसाच्या जाडीहूनही लहान ठिकाणी तो आदळतो, तिथले अणू उडवतो आणि यंत्र ते वजनाप्रमाणे वेगळे करून मोजतं. गाभ्यात एक ठिपका, कडेला एक ठिपका. तीळ वेगळा, पाक वेगळा.

आणि याच यंत्राने आपल्या हंपीकडच्या ग्रॅनाइटचं गूढ सोडवलं. कर्नाटकात दक्षिणोत्तर ग्रॅनाइटचा एक पट्टा आहे, सुमारे ४०० किलोमीटर लांब. हंपीचा परिसर त्याच्या उत्तरेकडच्या भागात येतो. दक्षिणेकडे, बंगळूरच्या जवळ, आहे रामनगर. तिथल्या खडकाळ टेकड्या तुमच्या आईबाबांनी नक्की पाहिल्यात. 'शोले'त! १९७५ सालच्या त्या सिनेमातलं रामगढ म्हणजे हेच. या रामनगराचं इंग्रजांच्या काळातलं नाव क्लोजपेट. 'पेट' म्हणजे आपली पेठच, आणि क्लोज म्हणजे बॅरी क्लोज हा इंग्रज अधिकारी. हाच पुढे पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, आणि १८०२ चा वसईचा तह दुसऱ्या बाजीरावाशी यानेच केला. गावाचं नाव बदललं, पण खडकाला मात्र अजून क्लोजपेट ग्रॅनाइटच म्हणतात. बाजीरावाला पेचात पकडणाऱ्याचं नाव असं दगडाला चिकटलंय!

१९९१ मध्ये फ्रेंड आणि नटमन या दोन शास्त्रज्ञांनी क्लोजपेट ग्रॅनाइटमधले झिरकॉन श्रिम्पवर मोजले. उत्तर आलं २५१ कोटी ३० लाख वर्षं. ५० लाख इकडे किंवा तिकडे. युरेनियम २३८ च्या दर शंभर अणूंतले ६८ शिल्लक, ३२ चं शिसं झालेलं. घाईच्या भावाचे तर शंभरातले फक्त ८ उरलेले.

हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वर्ग हसला. "५० लाख वर्षं इकडेतिकडे? बाई, ही केवढी चूक!" मी म्हटलं, करा गणित. २५१३ मध्ये ५, म्हणजे हजारात दोन. तेरा वर्षांच्या मुलाचं वय नुसतं त्याच्याकडे बघून नऊ-दहा दिवसांच्या फरकाने सांगण्यासारखं आहे हे. तुमच्यातल्या कुणाचं मी सांगू शकेन?

एक गोष्ट मात्र इथे मोकळेपणाने सांगायला हवी, ती मी हंपीला घोटाळून टाकली होती. हे वय रस थिजला तेव्हापासूनचं आहे. त्या धोंड्यांना गोल आकार कधी आला, ते झिरकॉन सांगत नाही. तो खूप नंतरचा. ग्रॅनाइट उघडा पडल्यावर भेगांत पाणी शिरलं, कोपरे आधी कुजले, आणि जागच्या जागी धोंडे गोल होत गेले. फेकले कुणीच नाहीत. वाटाड्याला पुन्हा भेटले तर हे सांगेन. आणि त्याची किष्किंधेची गोष्टही पुन्हा ऐकेन, कारण तो ती फार रंगवून सांगतो.

वर्गात हे सगळं होईपर्यंत ती मुलगी काही बोलली नाही. चिंचोके तिनेच मोजले, तिसऱ्या फेकीला १४ तपकिरी उरले. घंटा झाली तशी ती टेबलापाशी आली. मुठीतला बदामीचा खडा माझ्यासमोर ठेवला. लाल वालुकाश्म, म्हणजे वाळू दाबली जाऊन झालेला खडक.

"बाई, यात झिरकॉन असतील?"

"असतात बहुधा. चिवट ना ते. डोंगर झिजले तरी वाळूत शिल्लक राहतात."

"मग ते मोजले, तर येणारं वय कुणाचं?"

या वेळी मी उशीर होतोय म्हटलं नाही. म्हटलं, तूच सांग, आणि तिने सांगितलंही. तुम्ही काय सांगाल? कारणासकट लिहून पाठवा, उत्तर पुढच्या अंकात. एक सुचवून ठेवते. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथे झिरकॉनचा एक कण सापडला, तो सुमारे ४४० कोटी वर्षांचा. पण ज्या खडकात तो सापडला, तो खडक त्याच्यापेक्षा शंभर कोटींहून अधिक वर्षांनी धाकटा आहे.